पहिल्या वेताची कालवड आणि वासराचे जन्मवजन

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर नावाचे एक छोटे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या परिसरातील विस्तीर्ण माळावर नौदलाचा दारूगोळा साठविला जात असे. युद्ध संपल्यावर कोठारांची गरज उरली नाही आणि १९६४ साली ती जमीन मांसोत्पादक जनावरांच्या संशोधन केंद्राकडे आली. १९७० च्या सुमारास या केंद्राने हेरफर्ड व अँगस या तेथील रुळलेल्या जातींच्या गायींवर शारोले, सिमेंटल, लिमोझिन अशा युरोपातील मोठ्या बांध्याच्या वळूंचे रेत वापरून पाहिले. वासरे जोमाने वाढली. परंतु ती जन्माला येतानाच गायींची, विशेषतः कालवडींची, दमछाक होऊ लागली. त्या काळातील या केंद्राच्या नोंदींचे आकडे पशुप्रजननाच्या शिक्षणात आजही सांगितले जातात. दोन वर्षांच्या वयात प्रथम विणाऱ्या कालवडींपैकी ५४ टक्के कालवडींना प्रसूतीत अडचण आली. तीन वर्षांच्या गायींत हे प्रमाण १६ टक्क्यांवर, चार वर्षांच्या गायींत ७ टक्क्यांवर आणि पाच वर्षांवरील गायींत ५ टक्क्यांवर आले.

म्हणजे प्रश्न मुख्यतः पहिल्या वेताचा आहे. कळपाची सरासरी पाहिली, तर तो फारसा जाणवतही नाही. ज्या गोठ्यात चार कालवडी पहिल्यांदा विणार आहेत, तेथे मात्र तो रात्रभर जागवतो.

नुकसान केवळ त्या रात्रीपुरते राहत नाही. क्ले सेंटरच्याच निरीक्षणांत, अडून जन्मलेल्या वासरांतील पहिल्या चोवीस तासांतील मरतूक सहज जन्मलेल्या वासरांच्या सुमारे चौपट आढळली. ज्या गायींना ओढून मोकळे करावे लागले, त्यांचे पुढच्या हंगामात गाभण राहण्याचे प्रमाण इतर गायींपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी भरले. वासरू वाचले म्हणून हिशेब तेथे मिटत नाही. गाय माजावर उशिरा येते, उलटते, आणि भाकड काळ लांबतो. आपल्याकडे दूध हाच गायीचा मुख्य मोबदला असल्याने ही दुसरी हानी अधिक बोचणारी आहे, पण ती कोणी वेण्याच्या रात्रीच्या खात्यावर मांडत नाही.

वाट अरुंद, वासरू रुंद

प्रसूती अडण्याची कारणे अनेक आहेत. पाय मागे राहणे, मान वळणे, वासरू पायाळू किंवा आडवे असणे ही त्यांपैकी काही. मात्र मांसोत्पादक जातींच्या पहिलारू कालवडींत सर्वाधिक वेळा आढळणारे कारण साधे आहे: वासराच्या मानाने कमरेच्या हाडांमधील वाट अपुरी पडते. वासराचे जन्मवजन हे त्यातील सर्वांत प्रभावी अंग, हे निरनिराळ्या केंद्रांतील अभ्यासांतून पुनःपुन्हा दिसले आहे. वासराचे वजन आईच्या वजनाच्या सात ते आठ टक्क्यांच्या आसपास असणे सर्वसाधारण मानले जाते. ३४० किलोच्या कालवडीला २४ ते २६ किलोचे वासरू पेलते; त्याच कालवडीच्या पोटात ३६ किलोचे वासरू असेल, तर प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या वर जाते.

जन्मवजन ठरविणाऱ्या गोष्टींत वळूची जात व त्याची वंशावळ, वासराचे लिंग, गर्भकाळाची लांबी आणि आईची जात यांचा क्रम वरचा लागतो. गोऱ्हा कालवडीपेक्षा साधारण दोन किलोने जड असतो आणि बहुधा एखादा दिवस पोटात अधिक राहतो; म्हणून अडलेल्या वेतांत गोऱ्ह्यांची संख्या नेहमी जास्त दिसते. हवामानाचाही वाटा असतो. ज्या वर्षी हिवाळा अधिक कडक, त्या वर्षी वसंतातील वासरे अधिक जड व वेते अधिक अवघड, असे नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांना एकाच जातीच्या व एकाच व्यवस्थापनाखालील कालवडींत आढळले. थंडीत गायीचे रक्त त्वचेकडून शरीराच्या आतील भागाकडे वळते, गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढतो आणि गर्भाला पोषण अधिक मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. उन्हाळ्यात नेमके उलट घडते.

आई वासराला आवरते

या विषयातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आईच्या गर्भाशयाची आहे. १९३८ मध्ये केंब्रिज येथील वॉल्टन व हॅमंड या शास्त्रज्ञांनी अवजड शायर घोडे आणि ठेंगणी शेटलंड तट्टे यांचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर घडविला. आनुवंशिक वाटा दोन्हींकडे सारखाच, तरीही शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचे निघाले. लहान आईने आपल्या गर्भाला आपल्या मापात ठेवले होते.

गोवंशात याचा प्रत्यय ब्राह्मन गायींच्या रूपाने आला, आणि येथे आपला थेट संबंध येतो. अमेरिकेतील ब्राह्मन ही जात भारतातून गेलेल्या कांकरेज, ओंगोल, गीर आणि कृष्णा खोऱ्यातील जनावरांपासून घडविण्यात आली. वशिंड असलेले भारतीय वळू तेथे १८५४ पासून जात होते. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूरकडील कृष्णाकाठच्या अवजड बैलांचे रक्तही त्यांत आहे. या ब्राह्मन गायींना शारोले, हेरफर्ड यांसारख्या जड वळूंचे रेत दिले, तरी वासरे अपेक्षेपेक्षा लहान जन्मतात आणि गायी बहुधा विनासायास मोकळ्या होतात. हे का घडते, ते क्ले सेंटर येथे भ्रूण प्रत्यारोपणाने तपासण्यात आले. शारोले भ्रूण शारोले गायीत आणि ब्राह्मन गायीत वाढविले असता ब्राह्मन गायीतील शारोले गर्भ शेवटच्या महिन्यांत स्पष्टपणे लहान राहिला. तिच्या गर्भाशयाकडील रक्तप्रवाहही कमी आढळला.

आता याची दुसरी बाजू. ब्राह्मन वळू आणि वशिंड नसलेल्या युरोपीय जातीची गाय असा उलटा संकर केला, तर वासरे दोन्ही शुद्ध जातींच्या अपेक्षित सरासरीपेक्षा जड जन्मतात, गर्भकाळ लांबतो आणि गोऱ्हा व कालवड यांच्या वजनांतील अंतरही नेहमीपेक्षा बरेच वाढते. टेक्सासमधील पशुपालकांना हे चांगले ठाऊक आहे. युरोपीय जातीच्या पहिलारू कालवडीवर ब्राह्मन वळू ते सहसा सोडत नाहीत.

आपल्याकडील संकर कार्यक्रमाचे अनुभव याच चौकटीत वाचले, तर बरेच उलगडते. गीर, देवणी, खिल्लार किंवा गावठी गायींवर जर्सी वा होल्स्टिन फ्रिजियनचे रेत वापरले गेले, तेव्हा पहिल्या पिढीतील वासरे फार मोठी होण्याला आईनेच लगाम घातला. मात्र त्या संकरित कालवडींवर पुन्हा होल्स्टिनचे रेत वापरले की गर्भात परदेशी रक्त तीनचतुर्थांश होते, आणि त्याला आवरणारी देशी माता निम्मीच उरते. भरवताना कालवडीचे वजन अपुरे असेल, तर अडचण ठरलेलीच. अलीकडे काही पशुपालक जास्त होल्स्टिन रक्ताच्या कालवडींवर गीरचे रेत वापरू लागले आहेत. गीर वासरू लहान असते, म्हणून वेत सोपे जाईल असे त्यामागे गृहीत असते. शुद्ध गीर वासरू लहान असते हे खरे. पण ते गीर गायीच्या पोटचे असते. होल्स्टिन कालवडीच्या पोटी गीरचे वासरू किती वजनाचे निघेल, याबाबत ब्राह्मनचा अनुभव सावध करणारा आहे. या संकराला विरोध नाही, परंतु तो पहिल्या वेताला करण्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, भरलेल्या अंगाच्या गायीवर करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वळू कसा निवडतात

मांसोत्पादक देशांत कालवडींसाठी वळू निवडताना त्याचे स्वतःचे जन्मवजन नव्हे, तर त्याच्या संततीच्या नोंदींवरून काढलेला आनुवंशिक अंदाज पाहतात. अमेरिकेत हा अंदाज पौंडांत दिला जातो. एका वळूचा अंदाज अधिक १ आणि दुसऱ्याचा अधिक ५ असेल, तर सारख्याच गायींवर दुसऱ्याची वासरे सरासरी ४ पौंडांनी, म्हणजे पावणेदोन किलोंहून थोडी अधिक जड अपेक्षित असतात. अँगस संघटना याशिवाय सुलभ वेताचा वेगळा अंक देते; पहिलारू कालवडींपैकी किती टक्के अधिक वा कमी कालवडी मदतीविना वितील, हे तो सांगतो. या अंकात जन्मवजनाची माहिती आधीच गुंफलेली असल्याने कालवडींसाठी केवळ हाच अंक पाहावा, असा तेथील तज्ज्ञांचा सल्ला असतो.

येथे एक जुना समज सांगण्यासारखा आहे. रुंद खांद्याच्या, मोठ्या डोक्याच्या वळूची वासरे अडतात, असे पशुपालक जगभर मानतात. मोजमापे घेतल्यावर असे दिसले की वासराचे वजन एकदा कळले की त्याच्या डोक्याचा वा खांद्याचा आकार त्यापुढे फारशी नवी माहिती देत नाही. ठळक अपवाद बेल्जियन ब्ल्यू या जातीचा. या जातीत स्नायूंच्या वाढीला आळा घालणारे मायोस्टॅटिन जनुक निकामी झालेले असते. हा बदल १९९७ मध्ये शोधला गेला. मांड्या-पुठ्ठे दुप्पट भरल्यासारखे दिसणारी ही वासरे शुद्ध जातीत बहुतांश शस्त्रक्रियेनेच जन्माला येतात. एकाच गुणाचा पाठपुरावा जातीला कोठवर नेऊ शकतो, हे पाहायचे असेल, तर बेल्जियममधील कोणत्याही अशा गायीची कूस पाहावी. तेथे टाक्यांचे व्रण असतात.

कमरेच्या हाडांमधील वाट मोजण्याचे उपकरणही आहे. गुदद्वारातून ते आत नेऊन वाटेची उंची व रुंदी मोजतात. नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांनी वर्षभराच्या कालवडीसाठी एक सोपे गणित दिले होते: क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला २.१ ने भागा. येणारा आकडा म्हणजे ती कालवड किती पौंडांचे वासरू सहज देऊ शकेल. १४० चौरस सेंटिमीटरला सुमारे ६७ पौंड, म्हणजे ३० किलो. पुढे या पद्धतीवर आक्षेप आले. मोठ्या वाटेची कालवड अंगानेही मोठी असते आणि तिचे वासरूही मोठे होते, त्यामुळे केवळ या मोजमापावरून निवड केल्यास कळपाचा आकार वाढतो आणि अडचण जागच्या जागी राहते. फारच अरुंद किंवा वाकड्या वाटेची कालवड वेगळी काढण्यापुरता त्याचा उपयोग आहे.

उपाशी ठेवण्याची चूक

"शेवटच्या दोन महिन्यांत खुराक कमी करा, वासरू लहान राहील" हा सल्ला आपल्याकडे गावोगावी ऐकू येतो आणि तो अमेरिकेतही होता. वायोमिंग विद्यापीठात १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाभण कालवडींच्या एका गटाला शेवटचे शंभर दिवस ऊर्जा कमी देण्यात आली. वासरांची वजने थोडी उतरली खरी. पण पुरेसा आहार मिळालेल्या गटातील सर्व वासरे दूध तोडेपर्यंत जगली, तर अर्धपोटी गटातील सुमारे ७१ टक्केच. हगवणीने वासरे दगावली आणि माता माजावर उशिरा आल्या. इतर प्रयोगांतूनही हेच दिसले की आहार तोडून वेत सुलभ होत नाही. कळा देण्यास बळ नसलेली कालवड लहान वासरालाही अडवते. याउलट अतिरिक्त खुराकाने चरबी प्रसूतिमार्गात साठते आणि वाट आणखी अरुंद होते.

खरे काम आधीचे आहे. भरवताना कालवडीचे वजन तिच्या जातीच्या प्रौढ गायीच्या ६० ते ६५ टक्के आणि विताना ८५ टक्के असावे. प्रौढपणी ४०० किलो भरणाऱ्या संकरित गायीची कालवड भरवताना २४० ते २६० आणि विताना ३४० किलोच्या आसपास हवी. वजनकाटा नसेल, तर छातीच्या घेराची फीत पुरते. वय पाहून नव्हे, वजन पाहून भरवावे. पहिला माज दिसला म्हणून रेतन करणे ही घाई पुढे महागात पडते.

वेण्याची वेळ

शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले, कास ताठरली, सडांवर मेणासारखा थर दिसू लागला की दिवस जवळ आला. कळा सुरू होऊन कालवड अस्वस्थ होते, उठबस करते. पहिलारूत हा टप्पा काही तास चालतो आणि त्यात ढवळाढवळ करू नये. पाणमोट किंवा वासराचे पाय दिसू लागले की घड्याळ पाहावे. मोंटाना राज्यातील फोर्ट किओ संशोधन केंद्रात मोजले असता या दुसऱ्या टप्प्याला कालवडींना सरासरी सुमारे ५४ मिनिटे, तर प्रौढ गायींना सुमारे २२ मिनिटे लागली. म्हणून कालवडीला एक तास व गायीला अर्धा तास होऊनही प्रगती नसेल, तर पशुवैद्यकास बोलवावे. वेळेवर मदत मिळालेल्या कालवडी पुढे लवकर गाभण राहिल्या, असेही त्याच केंद्रात आढळले. "अजून थोडी वाट पाहू" हे वाक्य गोठ्यात जितके धीराचे वाटते, तितके ते नसते.

पशुवैद्यक पोहोचेपर्यंत किंवा त्यांच्या सूचनेनुसार ओढावे लागले, तर काही गोष्टी ध्यानात असाव्यात. हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, भरपूर वंगण लावून प्रथम दोन्ही पाय व डोके यांची खात्री करावी. डोके हाताला लागत नसेल, तर ओढू नये. दोरीचा फास गुडघ्याखालच्या सांध्याच्या वर आणि दुसरा वेढा त्याच्या खाली द्यावा, म्हणजे हाड मोडण्याचा धोका घटतो. कालवड कळ देईल तेव्हाच, एकेक पाय आळीपाळीने ओढावा; छाती बाहेर आल्यावर ओढ गायीच्या मागच्या पायांच्या दिशेने खाली वळवावी. दोन माणसांच्या ताकदीने वासरू येत नसेल, तर तिसरा-चौथा माणूस बोलावण्याऐवजी शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. ट्रॅक्टरला दोर बांधल्याचे प्रकार घडतात. त्यांत वासरू, गाय आणि तिचे पुढचे वेत ही तिन्ही हातची जातात.

म्हशीच्या बाबतीत एक स्वतंत्र इशारा आवश्यक आहे. म्हशी अडण्यामागे वासराच्या आकारापेक्षा गर्भाशयाला पीळ पडणे हे कारण आपल्या देशात फार वेळा आढळते. म्हैस कळा देऊन थांबते, काहीच बाहेर दिसत नाही. अशा वेळी ओढण्याचा प्रश्नच नसतो. पोटावर फळी ठेवून म्हशीला योग्य दिशेने लोळवून पीळ सोडविणे हे पशुवैद्यकाचे काम आहे, आणि दिशा चुकली तर पीळ घट्ट होतो.

रात्रीच्या जागरणाबद्दल एक उपयुक्त गोष्ट. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील गस कोनेफल या पशुपालकाने १९७० च्या दशकात गाभण गायींना दुपारी व पुन्हा रात्री उशिरा चारा घालून पाहिला. बहुतेक गायी दिवसा विऊ लागल्या. पुढे आयोवा राज्यात १५ पशुपालकांकडील १,३३१ गायींना दिवसातून एकदा, सायंकाळी चारा दिला असता ८५ टक्के वासरे सकाळी ६ ते सायंकाळी ६ या वेळेत जन्मली. दुभत्या गोठ्यात दोन वेळच्या धारांमुळे हे वेळापत्रक जसेच्या तसे बसत नाही, परंतु गाभण कालवडी वेगळ्या बांधून त्यांची मुख्य वैरण रात्रीकडे सरकविणे अवघड नाही. त्यासाठी खर्च शून्य आहे.

रेतनाच्या दिवशी विचारण्याचा प्रश्न

कृत्रिम रेतन करणारा दारात येतो, तेव्हा आपण एकच विचारतो, "दूध किती देणाऱ्या वळूचे आहे?" कालवडीसाठी पहिला प्रश्न सुलभ वेताचा असावा. आयात केलेल्या होल्स्टिन व जर्सी रेताच्या माहितीपत्रकात हा अंक बहुधा असतो. विस्तार कार्यकर्त्यांनी तो वाचून दाखवावा. अंक उपलब्ध नसेल आणि कालवड लहान अंगाची असेल, तर पहिल्या वेताला होल्स्टिनऐवजी जर्सीचे रेत अधिक निर्धोक. लिंगनिर्धारित रेतमात्रांतून सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात. त्यांचे जन्मवजन कमी असल्याने पहिलारूत त्यांचा हा दुहेरी लाभ आहे, ज्याचा उल्लेख जाहिरातींत क्वचितच होतो.

अडून जन्मलेल्या वासराला तातडीने छातीवर बसवावे, नाक-तोंड पुसावे, नाकपुडीत गवताची काडी फिरवावी म्हणजे ते खोल श्वास घेते. उलटे टांगून ठेवण्याने फुप्फुसांवर पोटाचा भार येतो, म्हणून ते टाळावे. अशी वासरे थकलेली असल्याने स्वतःहून उठून पीत नाहीत. चीक काढून बाटलीने पाजावा, पहिल्या दोन तासांत निम्मा आणि एकूण वजनाच्या दहाव्या भागाइतका बारा तासांच्या आत. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. वार न पडल्यास तिला वजन बांधू नये, ओढू नये.

आणि वासरू कोरडे झाले की त्याचे वजन करावे. वासराला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभे राहावे व स्वतःचे वजन वजा करावे. अमेरिकेतील कुरणांवर यासाठी खुराच्या वरच्या कडेचा घेर मोजणारी फीतही वापरतात. वजनाशेजारी वळूचा क्रमांक, वासराचे लिंग, आईचे वेत आणि मदत लागली की नाही, एवढे लिहिले तरी पुरे. एका गोठ्यातील पाच नोंदींना फारसा अर्थ नसतो. एकाच वळूच्या रेतमात्रा पन्नास गावांत जातात. कार्यकर्त्याच्या वहीत त्या पन्नास गावांच्या नोंदी आल्या, की तो वळू कालवडींसाठी ठेवावा की नाही हे दुसऱ्या वर्षीच सांगता येते.